डिस्चार्ज कार्डावर 'नळीमुळे' एवढं लिहा: राज्यातल्या डॉक्टरांना एका मेडिकल कोडरचं खुलं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

हे पत्र कुणा एका डॉक्टरला नाहीये. आपल्या राज्यातल्या हॉस्पिटलांमधे, मग ते पाचशे खाटांचं असो नाहीतर वीस खाटांचं नर्सिंग होम, जे कुणी पेशंट घरी जायच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड लिहिता त्या सगळ्यांना आहे. कन्सल्टंट, रेसिडेंट, आणि खास करून ते आरएमओ, म्हणजे वॉर्डातले ड्युटी डॉक्टर, ज्यांच्यापुढे सकाळी अकराला सात फाईली पडलेल्या असतात आणि प्रत्येक फाईलचे नातेवाईक दर दहा मिनिटांनी येऊन विचारतात की कार्ड झालं का. तुमची घाई मला माहितीये, मी त्या नातेवाइकांमधे उभी राहिलेली आहे. तरी हे पूर्ण वाचा अशी विनंती आहे. विषय एकच, लघवीच्या नळीमुळे होणारं इन्फेक्शन आणि त्याबद्दल कार्डावर लिहायची एक ओळ.

मी पुण्यात मेडिकल कोडर आहे, अकरा वर्षं झाली. झूऑलॉजीत बीएस्सी, मग कोडिंगचा क्लास, मग सीसीएसची परीक्षा, आणि तेव्हापासून संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. चार्ट अमेरिकेतले असतात म्हणून वेळ पण तिकडची. तिथला पेशंट घरी गेला की त्याची अख्खी फाईल आमच्या स्क्रीनवर येते, ॲडमिशनची नोट, रोजच्या डॉक्टरांच्या नोट, सिस्टरचं चार्टिंग, लॅब, एक्सरे, शेवटी डिस्चार्ज समरी, आणि ते सगळं वाचून आम्ही प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक प्रोसिजरला आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या ठरलेल्या यादीतला कोड लावतो. हॉस्पिटलला पैसे किती मिळणार ते त्या कोडवर ठरतं, आणि कुठे काय आजार झाले त्याचा हिशोबही त्याच कोडवरून लागतो. म्हणजे अकरा वर्षं माझं काम एकच आहे, डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचणं आणि काय लिहिलं नाही ते बघणं.

आता माझ्या बाबांचं सांगते. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, शुगर आहे, प्रोस्टेट थोडं वाढलेलं. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, सर्जनच्या हाताला खरंच सलाम, बाबा आज चालतात ते त्यांच्यामुळे. ओटीमधे लघवीची नळी घातली होती ती वॉर्डमधे आल्यावर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी राहिली, तिसऱ्या दिवशी राहिली, बाबांना उठता येत नव्हतं त्यामुळे आम्हालाही ती सोय वाटली, आईनेच दोनदा सांगितलं की राहू द्या हो सिस्टर, त्यांना त्रास नको. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण चूक फक्त समोरच्यांची होती असं मला म्हणायचं नाहीये. सातव्या दिवशी संध्याकाळी बाबांना हुडहुडी भरली, दोन ब्लँकेट घालूनही दात वाजत होते, पिशवीतली लघवी गढूळ. लघवीचं कल्चर गेलं, म्हणजे कुठला जंतू आहे ते बघायची तपासणी, त्यात क्लेबसिएला नावाचा जंतू आला, इंजेक्शनं सुरू झाली, नळी बदलली, ताप उतरला, पाच-सहा दिवसांनी आम्ही घरी. कार्डावर फ्रॅक्चरचं सगळं व्यवस्थित, कुठला नेल टाकला, किती दिवसांनी टाके, वजन कधी टाकायचं. आणि खाली एक ओळ, यूटीआय, ट्रीटेड विथ आयव्ही अँटिबायोटिक्स, म्हणजे लघवीमार्गाचं इन्फेक्शन, शिरेतून अँटिबायोटिक दिलं. बस. कल्चरचा रिपोर्ट फाईलमधे हॉस्पिटलातच राहिला.

पाच आठवड्यांनी बाबा गावाला असताना परत ताप. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड बघितलं, यूटीआय वाचलं, शुगर आणि प्रोस्टेट बघितलं आणि नेहमीची गोळी दिली, त्या कागदावरून कुणीही तेच केलं असतं. ती गोळी त्या जंतूवर चालणारी नव्हती. चार दिवसांनी बाबा बरळायला लागले तेव्हा आम्ही त्यांना गाडीत घालून तालुक्याच्या गावी नेलं, तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "आधीच्या ॲडमिशनला लघवीची नळी, कॅथेटर होता का? किती दिवस? आणि तेव्हा कल्चरला काय आलं होतं?" आई म्हणाली आठ दिवस, भाऊ म्हणाला पाच, मी पुण्याहून फोनवर होते, मला आठवेना. जिला रोज रात्री हेच शोधायचे पैसे मिळतात तिला आपल्या बापाच्या बाबतीत सांगता येईना. कागदात कुठेच नव्हतं.

बाबा बरे झाले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

मी डॉक्टर नाही. बाबांचं ते इन्फेक्शन नळीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, शुगर होती, प्रोस्टेट होतं, आणखी काही असेल. आणि माझं सगळं म्हणणं इथेच सुरू होतं डॉक्टर, की ते मी म्हणू शकत नाही, आई म्हणू शकत नाही, कोडर म्हणू शकत नाही, फक्त तुम्ही म्हणू शकता.

आमच्या कामातून हे जास्त नीट कळेल. पुढचं उदाहरण कुणा एका पेशंटचं नाही, शेकडो चार्टमधे जे दिसतं त्याचं मिळून आहे, पेशंटची माहिती बाहेर काढायला आम्हाला सक्त मनाई आहे आणि ती असायलाच पाहिजे. समजा सत्तरीची बाई, न्यूमोनियाने ॲडमिट, पहिल्याच दिवशी आयसीयूत फोली, म्हणजे लघवीची आत ठेवायची नळी, घातला. सिस्टरच्या चार्टिंगमधे रोज नोंद आहे की फोली आहे, लघवी एवढी झाली. सहाव्या दिवशी ताप १०२, ओटीपोटात दुखतंय, कल्चरमधे ई. कोलाय हा जंतू दर मिलीलिटरला एक लाखाच्या वर, अँटिबायोटिक सुरू, नळी काढली. आणि डॉक्टरांच्या नोटमधे, डिस्चार्ज समरीत, सगळीकडे तीनच अक्षरं. यूटीआय. आता नवीन जॉइन झालेल्या मुलीलाही दिसतं की हे बहुतेक नळीचं आहे. पण आम्ही तो कोड लावू शकत नाही. गाईडलाईन स्पष्ट आहे, उपचारातून झालेल्या कॉम्प्लिकेशनचा कोड लावायचा असेल तर आजार आणि उपचार यांचा संबंध डॉक्टरांनी लिहिलेला पाहिजे, कारण उपचार चालू असताना जे जे होतं ते सगळंच उपचारामुळे होतं असं नाही. त्यामुळे त्या बाईला लागतो एन३९.०, म्हणजे लघवीमार्गाचं इन्फेक्शन, जागा सांगितलेली नाही. घरी बसल्या बसल्या झालेल्या इन्फेक्शनला जो कोड लागतो तोच. आयसीयूतली ती सहा दिवसांची नळी त्या हिशोबातून पुसली जाते.

डॉक्टरांनी फक्त 'ड्यू टू फोली' एवढं लिहिलं असतं तर सगळं बदललं असतं. मग लागतो टी८३.५११ए, मूत्रमार्गातून आत ठेवलेल्या नळीमुळे झालेलं इन्फेक्शन, तो आधी, त्याच्यामागे एन३९.०, त्याच्यामागे जंतू कुठला त्यासाठी बी९६.२०. तीन कोड मिळून एक पूर्ण वाक्य होतं, की नळीमुळे लघवीचं इन्फेक्शन झालं आणि ते ई. कोलायने झालं. मला आमच्या कामातली ही गोष्ट मनापासून आवडते, नीट लिहिलेली फाईल कोड होऊन आली तरी माणसाला काय झालं ते वाचता येतं.

नळ्यांमधेही फरक असतो आणि तो फरक कोडमधे आहे. मी शिकत होते तेव्हा अमेरिकेत जुनं आयसीडी-९ चालू होतं, त्यात आत ठेवलेल्या लघवीच्या नळीच्या इन्फेक्शनला ९९६.६४ हा एकच नंबर. १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-१० सीएम आलं, पहिलं वर्षभर तिथेही लघवीच्या नळ्यांना एकच कोड होता, मग १ ऑक्टोबर २०१६ पासून तो फोडला. पोटातून थेट मूत्राशयात घातलेली नळी असेल तर टी८३.५१०, मूत्रमार्गातून घातलेली ५११, पाठीतून किडनीत घातलेली नेफ्रोस्टॉमीची ५१२, बाकीच्या ५१८. आपल्याकडे ज्याला सगळे डीजे स्टेंट म्हणतात, किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेली बारीक नळी, त्याचं तर घरच वेगळं, टी८३.५९२. हे सांगायचं कारण असं की आपल्या कार्डांवर पुष्कळदा नुसतं 'कॅथेटर इन सिटू', म्हणजे नळी आत आहे, एवढंच लिहिलेलं असतं, कुठला, कधी घातला, कधी बदलायचा, काही नाही. मुतखड्याच्या पेशंटला तर आत स्टेंट आहे हेच माहीत नसतं, तो म्हणतो नळी काढली की, आणि त्याने काढलेली बघितली ती खालची नळी, वरचा स्टेंट आतच.

मग अशा वेळी आम्ही काय करतो? क्वेरी पाठवतो. म्हणजे त्या डॉक्टरांना लेखी विचारतो की पेशंटला अमुक दिवसापासून फोली होता, अमुक दिवशी ताप आणि कल्चर पॉझिटिव्ह, आपण यूटीआय लिहिलंय, याचं कारण आपल्या मते काय, नळीमुळे, नळीशी संबंध नाही, दुसरं काही, की सांगता येत नाही. उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही हा नियम आहे, 'हे कॅथेटरचंच ना?' असं विचारणं चुकीचं धरतात. डॉक्टर विचार करतात आणि लिहितात. कधी 'संबंध नाही' लिहितात आणि ते ही पूर्ण मान्य, निर्णय त्यांचा. मला हवंय ते एवढंच, की कुणीतरी विचार करून काहीतरी लिहावं.

याच्यात एक बारीक गोष्ट आहे जी मला आपल्या प्रत्येक वॉर्डात लावावीशी वाटते. प्रत्येक आजाराच्या कोडपुढे आम्हाला अजून एक अक्षर टाकावं लागतं, हा आजार ॲडमिट होताना होता का नंतर झाला. होता तर वाय, नव्हता तर एन. आणि त्याशिवाय दोन अक्षरं आहेत, यू आणि डब्ल्यू. यू म्हणजे कागदावरून कळत नाही, कुणी लिहिलेलंच नाही. डब्ल्यू म्हणजे डॉक्टरांनी विचार केला आणि लिहिलं की वैद्यकीयदृष्ट्या हे ठरवता येत नाही. दोन्हीत उत्तर 'माहीत नाही' हेच, तरी मेडिकेअर, म्हणजे तिथली मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीची सरकारी विमा योजना, यूला एनसारखं धरते आणि डब्ल्यूला वायसारखं. म्हणजे प्रामाणिकपणे 'ठरवता येत नाही' लिहिणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवतात, आणि काहीच न लिहिणाऱ्याचं नुकसान होतं. वृद्धाश्रमातून किंवा घरून नळीसकट आलेला म्हातारा पेशंट असेल तर हे फार महत्त्वाचं होतं, कारण इन्फेक्शन तो घेऊन आला की आपल्याकडे झालं हे पहिल्या दिवशी लघवी कशी होती, ताप होता का, हे लिहिलं असेल तरच सांगता येतं. तुमच्या हॉस्पिटलचं नाव विनाकारण खराब होऊ नये म्हणून सुद्धा पहिल्या दिवशीची ती ओळ लिहा.

आता तुम्ही म्हणाल की अमेरिकेत सगळं छान आहे का. नाहीये, आणि ते लपवून मी तुम्हाला उपदेश केला तर तो खोटा होईल. तिकडे १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने नियम केला की हॉस्पिटलमधे असताना नळीमुळे लघवीचं इन्फेक्शन झालं तर त्यासाठी जे जास्तीचे पैसे मिळत होते ते मिळणार नाहीत. हेतू चांगला होता. पण नियमाचा सगळा डोलारा त्या एका कोडवर उभा, आणि तो कोड डॉक्टरांच्या त्या एका शब्दावर. मिशिगनमधल्या डॉ. जेनिफर मेडिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या हॉस्पिटलांची बिलं तपासली आणि २०१२ मधे ते छापून आलं. २००९ या वर्षातल्या ७ लाख ८० हजारांहून जास्त ॲडमिशनमधे या नियमामुळे पैसे कमी झाले ते फक्त २५ ॲडमिशनमधे. पंचवीस! इन्फेक्शनं थांबली म्हणून नाही, ती नुसती यूटीआय म्हणून नोंदली जात होती, नळीचा शब्द नाही म्हणून. शब्द नाही तर कोड नाही, कोड नाही तर दंड नाही, आणि आकड्यात बघणाऱ्याला वाटणार की वा, प्रश्नच नाही.

पुढे तिथल्या दुसऱ्या एका दंडाच्या योजनेत बिलातल्या कोडऐवजी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांनी मोजलेला आकडा धरायला लागले, त्याची व्याख्या सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची, नळी दोन दिवसांपेक्षा जास्त आहे का, ताप ३८ डिग्री सेल्सियसच्या वर किंवा दुखणं आहे का, कल्चरमधे निदान एक लाख जंतू आहेत का आणि जंतू दोनपेक्षा जास्त जातीचे नाहीत ना. ती मोजणी डॉक्टरांच्या मतावर थांबत नाही. म्हणून तिकडे आज एकाच पेशंटच्या दोन मोजण्या होतात आणि त्या पुष्कळदा जुळत नाहीत. नवीन कोडर यात हमखास गोंधळतात, त्यांना मी सांगते की ती सिस्टरांची मोजणी आहे, आपल्याला डॉक्टरांचं वाक्य पाहिजे.

आपल्याकडेही सिस्टर मोजतात. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन, घेतलेल्या हॉस्पिटलांमधे दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) किती इन्फेक्शन झाली हा आकडा काढतात, आयसीएन, म्हणजे इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर रोज वॉर्डात फिरून कुणाला नळी आहे ते टिपतात, मी ते रजिस्टर बघितलंय, फार मेहनतीने ठेवलेलं असतं. पण ते रजिस्टर हॉस्पिटलमधे राहतं आणि कार्ड पेशंटबरोबर घरी जातं. पुढचा डॉक्टर रजिस्टर बघणार नाही, तो कार्ड बघणार. बाबांच्या बाबतीत कदाचित त्या रजिस्टरमधे सगळं होतं सुद्धा, नळीचे दिवस, तापाची तारीख, क्लेबसिएला. गावच्या डॉक्टरांपर्यंत त्यातलं एक अक्षर पोचलं नाही.

आणि आपल्याकडे कोड नसतो असंही नाही. मेडिक्लेमचा जो ठरलेला क्लेम फॉर्म असतो, त्यातला हॉस्पिटलने भरायचा भाग ब काढून बघा, मुख्य निदानाचा आयसीडी-१० कोड, इतर निदानांचा कोड, रकाने आहेत. ते कोण भरतं? बहुतेक ठिकाणी एमआरडीतला, म्हणजे रेकॉर्ड विभागातला, किंवा टीपीए म्हणजे विम्याच्या डेस्कवरचा मुलगा, आणि तो कार्ड बघून भरतो. कार्डावर यूटीआय असेल तर तो एन३९.० लिहिणार, दुसरं लिहिणार कसं. डब्ल्यूएचओच्या ज्या आयसीडी-१० वर आपल्याकडचं काम चालतं त्यात सुद्धा टी८३.५ आहे, लघवीच्या मार्गात बसवलेल्या वस्तूंमुळे झालेलं इन्फेक्शन. अमेरिकेइतकी नळीनिहाय फोड नाही पण जागा आहे, कुणी वापरायला हवी.

मला माहितीये की लिहायला भीती वाटते. 'नळीमुळे इन्फेक्शन' असं कार्डावर लिहिलं की नातेवाईक म्हणणार बघा, हॉस्पिटलने केलं. अंगावर धावून येणारे लोक आहेत, डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी आपल्या राज्याला २०१० मधे वेगळा कायदा करावा लागला. विमा कंपनी काहीतरी खुसपट काढेल ही पण भीती. पण आयसीडी लिहिणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार आधीच केलेला आहे. उपचार करताना झालेल्या चुकांचे कोड वेगळे आहेत, अमेरिकेतल्या आयसीडीत वाय६२ ते वाय६९. आणि लघवीची नळी घातल्याने पुढे त्रास झाला, घालताना काही चूक झाल्याचा उल्लेख नाही, यासाठी वेगळा कोड आहे, वाय८४.६. चूक न होताही नळीने इन्फेक्शन होऊ शकतं हे त्या पुस्तकातच कबूल केलेलं आहे. सीडीसी सांगते की नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसाला इन्फेक्शनचा धोका साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो. कितीही स्वच्छ हाताने घातली तरी नळीच्या आतून बाहेरून जंतूंचा चिकट थर बसतो, तो अँटिबायोटिकलाही दाद देत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहितीये. मग ते नातेवाइकांना आधी सांगा ना, नळी घालतानाच, की ही गरज आहे म्हणून घालतोय, जितके दिवस जास्त तितका ताप यायचा धोका जास्त, म्हणून आम्ही रोज बघणार काढता येते का. माझ्या आईला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर ती 'राहू द्या' म्हणाली नसती, उलट रोज विचारत बसली असती की कधी काढताय.

उलट बाजूही आहे, प्रत्येक पॉझिटिव्ह कल्चरला यूटीआय लिहू नका. ज्यांना महिनोन्महिने नळी आहे, पॅरालिसिसचे पेशंट, कंबरेखाली संवेदना नसलेले, त्यांच्या लघवीत जंतू असणारच, ताप नाही त्रास नाही तर ते इन्फेक्शन नाही, त्याला आमच्याकडे आर८२.७१ असा वेगळा कोड आहे, नुसते लघवीत जंतू. कार्डावर यूटीआय लिहिलं की पुढचा माणूस अँटिबायोटिक देतो आणि पुढच्या वेळी त्या पेशंटवर चालणारं औषध एकाने कमी होतं.

मी मागतेय ते फार नाहीये. कार्डावर नळीची एक ओळ असावी, कुठली नळी, कधी घातली, कधी काढली, अजून आत असेल तर कधी बदलायची. इन्फेक्शन झालं असेल तर ते नळीमुळे, नळीशी संबंध नाही, किंवा ठरवता येत नाही, या तिन्हीपैकी जे तुमचं मत असेल ते, मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, डॉक्टरी अक्षरात लिहा. जंतूचं नाव आणि कुठलं औषध चाललं कुठलं नाही हे, आणि कल्चरच्या रिपोर्टची झेरॉक्स कार्डाला टाचून. आरएमओंना सांगते, तुम्हाला हे शोधायला फाईल उलटी करावी लागते हे खरं, पण सिस्टरला विचारलं तर तिला नळीची तारीख पाठ असते, आणि लघवीच्या पिशवीवर, युरोबॅगवर, मार्करने तारीख लिहायची पद्धत ठेवली तर विचारायचीही गरज नाही.

हॉस्पिटल चालवणाऱ्यांना एक वेगळी विनंती आहे. जो डॉक्टर खरं लिहितो त्याला मीटिंगमधे उभं करू नका. ज्या महिन्यात नळीची इन्फेक्शनं कागदावर वाढलेली दिसतील तो कदाचित तुमच्याकडे पहिल्यांदा खरं लिहिलं गेलेला महिना असेल. आणि आकड्याचंही नीट समजून घ्या, तुम्ही विनाकारणच्या नळ्या काढायला लागलात की कॅथेटर-दिवस कमी होतात, उरतात ते जास्त आजारी पेशंट, मग हजार दिवसांमागचा दर वर जाऊ शकतो जरी एकूण इन्फेक्शनं कमी झाली तरी. असा दर बघून चांगलं काम करणाऱ्या वॉर्डला बोल लावणं फार अन्यायाचं होईल. आणि राज्याच्या आरोग्य खात्यात, महात्मा फुले योजनेच्या कामात जे बसलेत त्यांनी मिशिगनचे ते २५ लक्षात ठेवावेत. उद्या तुम्ही नळीच्या इन्फेक्शनवर पैसे कापायचा नियम आणलात तर कार्डावरचा तो शब्द, जो आत्ताच मुश्किलीने दिसतो, तो पूर्ण जाईल. आधी लिहिण्याची सवय लागू द्या, लिहिणाऱ्याला संरक्षण द्या, पैशाचं नंतर बघू.

बाबांचं पुढच्या महिन्यात प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलंय. नळी परत लागणार, काही दिवस राहणार, आणि लागणारच असेल तर लागू दे, त्याला आमची ना नाही. मी एका साध्या कागदावर रकाने आखलेत, नळी घातली तारीख आणि वेळ, रोज काढता येईल का विचारलं त्याची खूण, ताप, कल्चर, काढली तारीख, आणि सगळ्यात खाली रिकामी जागा ठेवलीये, 'इन्फेक्शन झाल्यास डॉक्टरांच्या मते कारण'. तो कागद मी ॲडमिशनच्या दिवशी फाईलच्या पहिल्या पानाला लावणार आहे आणि राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून सांगणार आहे की वरचं सगळं मी आणि सिस्टर मिळून भरू, शेवटची ती एक जागा मात्र तुमची आहे, ती आमच्यापैकी कुणाला भरता येत नाही.

तुमची,
पुण्यातली एक मेडिकल कोडर